एरिथ्रिटॉल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सासऱ्यांच्या मधुमेहामुळे ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरी गेल्या आषाढात साखरेच्या डब्याशेजारी एरिथ्रिटॉलचा, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या एका गोड पदार्थाचा डबा आला. ते ज्या गटात मोडते त्याचे ‘शर्करा अल्कोहोल’ हे नाव ऐकून सासूबाईंनी तो नैवेद्याच्या जिन्नसांपासून लांब ठेवायला लावला. हे नाव रेणूच्या रचनेवरून पडले असून त्यात मद्याचा अंशही नाही, हे त्यांना पटायला दोन दिवस लागले.

गोडी साखरेच्या साधारण ७० टक्के असल्यामुळे चहात एका चमच्याऐवजी जवळजवळ दीड चमचा लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे साखर ओलसर होते, हे मात्र शेवटपर्यंत सुटे राहिले. विरघळताना ते उष्णता शोषून घेते, त्यामुळे जिभेला गारवा जाणवतो. गरम चहात तो कळत नाही आणि श्रीखंडात तर आवडलाच. परंतु तेच श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा खडे धरले आणि ते कचकच लागू लागले. आता मी पिठीसारखे दळून घेते आणि एका दिवसापुरतेच करते.

तिळगूळ साफ फसला. एरिथ्रिटॉल वितळून पाण्यासारखे पातळ होते, त्याचा चिकट पाक होत नाही, ते तांबूसही होत नाही. निवताच पांढरे स्फटिक झाले आणि लाडू हातातच भुगा झाले.

दिवाळीत कोणीतरी ‘शुगर फ्री’ मिठाईचा डबा दिला. त्या शब्दावर विसंबून सासऱ्यांनी चार वड्या खाल्ल्या. रात्रभर पोट गुरगुरले आणि ग्लुकोमीटरवरचा आकडाही चढला. मग वेष्टन वाचले, तर त्यात माल्टिटॉल हे दुसरे शर्करा अल्कोहोल होते. त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते याचे माप) ३५ च्या आसपास असतो, आणि न शोषलेला भाग मोठ्या आतड्यात आंबून वायू होतो. एरिथ्रिटॉल बहुतांशी लहान आतड्यातच शोषले जाऊन लघवीवाटे तसेच बाहेर पडते, म्हणून तो त्रास कमी. झायलिटॉल या आणखी एका शर्करा अल्कोहोलची गोडी साखरेइतकीच असते, पण ते कुत्र्यांना जीवघेणे ठरू शकते आणि आमच्याकडे कुत्रा आहे, त्यामुळे ते आणलेच नाही.

२०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रक्तातील एरिथ्रिटॉलचे जास्त प्रमाण आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य. तरीही डॉक्टरांना विचारून आम्ही त्याचा वापर दोन वेळच्या चहापुरता आणि क्वचित श्रीखंडापुरता ठेवला आहे. संक्रांतीला शेवटी गुळाचेच लाडू वळले आणि सासऱ्यांच्या हातावर अर्धा ठेवला.