दिवाळीनंतरचं पत्रक आलं: कशाला जावं नि कुठे बसावं

आमच्या बाजारपेठेमागच्या कलाकेंद्राचं नोव्हेंबर ते जानेवारीचं पत्रक आलंय. दोन व्याख्यानं, महिन्याला एक सिनेमा, डिसेंबरात कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या बाहुल्या नि चित्रकथी, आणि जानेवारीत दशावताराचं नाटक. कुडाळ-मालवण पट्ट्यात पाऊस सरला की रात्री घराबाहेर पडायला निमित्तांची वाण नसते. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सोनुर्लीची जत्रा, मग गावोगावचे दहीकाले, म्हणजे देवळांतल्या वार्षिक जत्रा, त्यात लग्नसराई. त्यामुळे सगळ्याला जाणं कुणालाच जमायचं नाही. गेल्या मोसमातलं बहुतेक सगळं मी पाहिलंय, त्या हिशेबाने सांगतो. माझा धंदा जन्मभर लाऊडस्पीकर नि लायटिंगचा, आता मुलगा बघतो. पण हॉलमध्ये शिरलो की नजर अजून आधी माईककडे जाते, मग कलाकाराकडे.

जागा म्हणजे जुनी भातगिरण. उघड्या चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, खाली तीनेकशे खुर्च्या. भिंतींना गिलावा केला नाही हे फार बरं केलं, खडबडीत चिऱ्यामुळे आवाज फारसा घुमत नाही. पत्र्याचं मात्र काहीतरी करायला हवं. जुलैत पावसाचाच एक सिनेमा लावला होता. पडद्यावरचा पाऊस कुठला नि डोक्यावरचा कुठला ते कळेना, नि मागून एक म्हातारी सारखी ओरडत होती, "रे, काय ऐकाक येणा नाय!" आता थंडीत ती अडचण नाही.

व्याख्यानं इथे चांगलीच होतात, कारण हॉल मुळात त्यालाच शोभतो. पहिलं कातळशिल्पांवर, म्हणजे उघड्या कातळात खोदलेल्या जुन्या चित्रांवर आहे. 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश झाला. त्यात रत्नागिरीकडची कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी अशी ठिकाणं आहेत, आणि आपल्या मालवण तालुक्यातलं कुडोपीही आहे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, भर दुपारी जाऊन "हय काय्येक नाय" म्हणत परत आलेले कितीतरी लोक मला भेटलेत. खोदकाम उथळ, नि ऊन डोक्यावर. सकाळचं किंवा सांजेचं तिरपं ऊन पडलं तरच रेघेत सावली भरते नि कशेळीचा हत्ती उठून दिसतो. लायटिंगवाल्याला हे सांगावं लागत नाही: समोरून प्रकाश मारला की चेहरा सपाट, बाजूने मारला की नाक-डोळे येतात. वक्ते फोटो दाखवणार आहेत. प्रश्नोत्तरांच्या वेळी ते फोटो कुठल्या वेळेला काढले ते जरूर विचारा.

दुसरं सावंतवाडीच्या गंजिफांवर, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या खेळपत्त्यांवर. नुसतं भाषण नाही, शेवटी पानं वाटून डाव मांडून दाखवणार आहेत, आणि त्यासाठीच जावं. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण 120. पानं गोल, त्यामुळे हातात धरायला सवय लागते. दिवसा खेळ रामाच्या संचापासून सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. कार्यक्रमाची वेळ छापलीय संध्याकाळी साडेसहा, म्हणजे वाद ठरलेला.

सिनेमांबद्दल थोडक्यात. निवड करणारा माणूस चोखंदळ आहे, याबद्दल शंका नको. डिसेंबरात 'श्वास' आहे. 1954 साली 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे यायला 'श्वास'पर्यंत पन्नास वर्षं गेली. दोन्ही गोष्टी कोकणातल्या माणसांच्या. बघितला असेल तरी मोठ्या पडद्यावर परत बघा. पुढची चर्चा ऐच्छिक समजा. गेल्या खेपेला सिनेमाइतकीच चर्चा चालली, आणि प्रश्न विचारायला उठलेल्या माणसांनी प्रश्न सोडून सगळं सांगितलं.

आता पिंगुळी. ठाकर समाजाच्या या कला आहेत: कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, आणि चित्रकथी. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून बाहेरगावचे लोकही पिंगुळीचा रस्ता विचारायला लागले. त्यांनी तिथे घराजवळच संग्रहालय केलंय, ते दिवसा उजेडी वेगळं जाऊन बघा.

चित्रकथीत एकेका आख्यानाची पोथी असते, म्हणजे सुट्या चित्रांचा संच. सांगणारा एक चित्र समोर टेकवतो, त्यावर बोलतो, गातो, ते बाजूला करतो, दुसरं लावतो. चित्र किती मोठं? शाळेची वही उघडून धरली तर साधारण तेवढं. गेल्या मोसमात हा कार्यक्रम तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये ठेवला होता. चौथ्या रांगेच्या मागे कुणाला काही दिसेना म्हणून कॅमेरा लावून चित्र पडद्यावर पाडलं. मोठं दिसलं खरं, पण सगळा हॉल पडद्याकडे बघत बसला नि ज्याच्या हातात पोथी होती तो माणूस अंधारात गात राहिला. या वेळी पत्रकात लिहिलंय, "कार्यक्रम अंगणात, ऐंशी प्रेक्षकांसाठी." ज्याने कुणी हे ठरवलं त्याला माझ्याकडून चहा. खाली सतरंजीवर बसा, पुढे बसा, गुडघे दुखत असतील तर बाजूच्या बाकड्यावर बसा. पण मागे उभे राहू नका.

छायाबाहुल्यांसाठी एकच मागणं आहे, नि ते मी केंद्रात जाऊन सांगून आलोय. पडद्यामागे एलईडीचं रुंद पॅनल लावू नये. प्रकाश रुंद जागेतून आला की सावलीच्या कडा विरतात, रावणाची दहा डोकी एकात एक मिसळतात. एक साधा बल्ब लावा, कडा लख्ख येतात. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आणि दशावतार. यावर जास्त लिहितो, कारण पैसेही याचेच जास्त आहेत आणि भांडणही इथेच आहे.

जत्रेतला दशावतार पालखी फिरून आल्यावर, मध्यरात्रीच्या पुढेमागे उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. केंद्रात तो सात ते साडेनऊ. अडीच तासांत, त्यात मधे चहाची सुट्टी. गेल्या वर्षी वेळ वाचवायला आडदशावतारच, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंगच कापला होता. गणपती नाही, रिद्धी-सिद्धी नाही, भटजी नाही, लोकांना हसवणारा संकासुर राक्षस नाही, एकदम आख्यान. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना ते सुटसुटीत वाटलं असेल. माझ्या शेजारचा सात-आठ वर्षांचा पोर मात्र शेवटपर्यंत विचारत होता, "संकासुर खंय गेलो?" या वर्षी पत्रकात ठळक अक्षरात "पूर्वरंगासह" छापलंय. म्हणजे त्या पोरासारखीच मोठ्यांनीही तक्रार केलेली दिसते.

आवाजाचं काय करतात ते बघायचं. गेल्या खेपेला प्रत्येकाच्या छातीवर कॉलर माईक होता. राजपार्टीच्या, म्हणजे राजा झालेल्या नटाच्या अंगावर हार, कवच, बाजूबंद. तो वळला की खळखळ, आणि युद्धात छातीला छाती लागली की हॉलभर धडाम. स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा नट, हळू रडत होती ते कुणाला ऐकू आलं नाही, कारण पखवाज शेजारच्याच माईकमध्ये शिरत होता. जत्रेत आम्ही वरून दोन माईक टांगतो नि एक पायपेटीजवळ ठेवतो, बस्स. नटांना कुठे उभं राहून आवाज टाकायचा ते पाठ असतं. पुढे, राजा बसतो त्या बाकाजवळ आला की आवाज चढतो, मागे गेला की उतरतो, नि लोकांना तो कुठे उभा आहे ते डोळे मिटूनही कळतं.

उजेडाचंही तसंच. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. नट समोरच्या माणसांच्या तोंडाकडे बघून बोलतो, हशा आला तर ताणतो, नाही आला तर सोडून देतो. संकासुराला तर पहिल्या रांगेतला कोण झोपलाय ते दिसायलाच हवं. हॉल काळोख करून नटाच्या डोळ्यांवर स्पॉट मारला तर त्याला समोर भिंतच दिसते. म्हणून प्रेक्षकांवरचे दिवे निम्मे चालू ठेवा, असंही मी त्या वहीत लिहून दिलंय. ट्रिकसीन ठेवणार असाल तर धुराचं यंत्र दारापासून लांब ठेवा, हेही. गेल्या वेळी देव प्रकट व्हायच्या आधीच अर्धे लोक खोकत बाहेर गेले होते.

मग जावं का? ज्यांना रात्रभर जागवत नाही, ज्यांची सकाळी नोकरी आहे, ज्यांच्या पोरांनी अजून दशावतार पाहिलाच नाही, त्यांनी जरूर जावं. कंपनी चांगली बोलावलीय, आणि चांगल्या नटाला अडीच तासही पुरतात. ज्यांच्या गावात त्या आठवड्यात दहीकाला आहे त्यांनी तिकिटाचे दोनशे रुपये वाचवून गावातच बसावं. तिथे खाजंही ताजं मिळतं. केंद्राच्या चहावाल्याकडे फक्त बिस्किटं असतात.

वेळापत्रक आखणाऱ्याने एकदा एसटी स्टँडवर जाऊन यावं, ही माझी मोठी तक्रार. आमच्या बाजूची शेवटची गाडी कार्यक्रम संपायच्या आधी सुटते. स्वतःची गाडी नसेल तर तीन-चार घरांनी मिळून रिक्षा ठरवा, परतीचं भाडं आधीच बोलून घ्या.

व्याख्यानांना तिकीट नाही. सिनेमाचं दारावर मिळतं. पिंगुळीच्या कार्यक्रमाच्या ऐंशी जागा मात्र लवकर जातील. फोनवर नाव लिहून ठेवत नाहीत, संध्याकाळी पाच ते सात या वेळात खिडकीवरच जावं लागतं, आणि सोमवारी खिडकी बंद असते.