निप्पोरी की शिंजुकू?

टोकियोत लेकीचं परकर-पोलकं शिवायला घेतलं की माझी पावलं निप्पोरीकडेच वळतात. स्टेशनच्या पूर्वेला जवळपास किलोमीटरभर कापडाची दुकानंच दुकानं. त्यातल्या ‘तोमातो’ या दुकानात तागा आपणच उचलून कापायच्या टेबलाशी न्यायचा. जपानी सुती कापडाचा पन्हा बहुधा 110 सेंमी. सहा वर्षांच्या मुलीचा परकर दोन पन्ह्यांत छान घेरदार होतो, म्हणजे दीड मीटर पुरे. बोटांत चुरगळून, उजेडात धरून कापड निवडायचं सुख इथलंच. मात्र रविवारी बरीच दुकानं बंद असतात, आणि नोकरी करणाऱ्या बाईला ते फार जाचतं.

शिंजुकू भागातलं ‘ओकादाया’ हे दुकान अशा वेळी धावून येतं. बटणं, लेस, चेन, धागे मजल्यांवर मांडलेले. पोलक्याच्या आमसुली रंगाचा अगदी तंतोतंत दोरा मला तिथेच मिळाला. कापड मात्र निप्पोरीपेक्षा महाग पडतं, म्हणून मी तिथून फक्त सुट्या वस्तू घेते.

शिवाय निप्पोरीहून परतताना स्टेशनच्या पलीकडे यानाका गिंझा ही जुनी बाजारगल्ली आहे. पायऱ्या उतरून गरम मेंची-कात्सु (खिम्याचं तळलेलं कटलेट) घ्यायचा आणि पिशवीतलं कापड पुन्हा एकदा उलगडून बघायचं.