लोकल, मेट्रो की मधलंच काही? खोली बघायच्या आधी

यंदा आमच्या गल्लीतली तिघं नोकरीसाठी बेळगाव सोडताहेत. एक पुण्याला, एक बेंगळुरूला, एक मुंबईला. तिघांच्या आयांचा प्रश्न एकच: खोली कुठं बघायची? मी म्हटलं, काकू, भाडं नंतर विचारा. आधी तिथल्या रेल्वेची जातकुळी बघा.

ती नावावरून कळत नाही, रुळांवरून कळते. टिळकवाडीच्या गेटवर फाटक पडलं की आपण गाडी बंद करून उभे राहतो. मालगाडीचे डबे मोजता मोजता कंटाळा येतो. ती गेली, आता उघडणार म्हणेपर्यंत दुसरीकडून एक्स्प्रेस. मिरज–लोंढा पॅसेंजरला यांच्यातूनच वाट काढायची असते. खानापूरला दर पाच मिनिटांनी गाडी का नाही, याचं निम्मं उत्तर त्या फाटकापाशीच मिळतं. उपनगरी रेल्वे, म्हणजे लोकल, ही अशीच, भारतीय रेल्वेच्या रुळांवर इतरांबरोबर धावणारी. मेट्रोचे रूळ तिचे एकटीचे. मध्ये फाटक नाही, मालगाडी नाही, आणि तिचा कायदाही वेगळा, २००२ चा.

पुण्यात हा फरक स्वच्छ दिसतो. लोणावळा लोकल मुंबईच्या एक्स्प्रेस गाड्यांमधून जागा मिळेल तशी धावते. तळेगावला खोली स्वस्त पडेल, पण वेळापत्रक पाठ पाहिजे. दुपारची एक गाडी चुकली की फलाटावर बसून राहा. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली मेट्रो आता पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटपर्यंत जाते, तिचं वेळापत्रक कुणी बघत नाही. दापोडीला दोन्ही मिळतात.

बेंगळुरूत प्रश्नच नाही, मेट्रोच धरा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमधून उतरलात की स्टेशनालगतच जांभळी लाईन आहे, थेट व्हाइटफील्डपर्यंत. (त्या स्टेशनाला नाव इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांचं, ज्यांना आपल्या नंदगडला फाशी दिली. पोराला तेवढं तरी ओळखीचं वाटेल.) उपनगरी रेल्वेचं १४८ किलोमीटरचं काम हाती घेतलंय, भूमिपूजन २०२२ ला झालं. एजंट तिचं नाव सांगून भाडं वाढवेल. ऐकू नका.

गोंधळ आहे तो मुंबईत. कायद्यानं आणि रुळांनी लोकल उपनगरी. पण गर्दीच्या वेळी ती तीन-चार मिनिटांनी येते, म्हणजे वागणं मेट्रोचं. हार्बर लाईनवर तर मेल-एक्स्प्रेसचा त्रासही फारसा नाही. ठाणे–दिवा पाचवी-सहावी लाईन २०२२ ला सुरू केली तीही लांबच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला काढायलाच. माझ्या मते लोकल ही संकरितच, फक्त तसं कुणी म्हणत नाही. घाटकोपरला उतरून बघा. खाली लोकलच्या फलाटाला दार नाही की कडी नाही. पास खिशात, टीसी दिसला तर दाखवायचा. जिना चढून वर्सोव्याच्या मेट्रोकडं गेलात की पिशवी यंत्रात, अंगझडती, मग कार्ड टेकवल्यावर उघडणारं दार. पाच मिनिटांत दोन वेगळी राज्यं.

उघडउघड संकरितही आहेत. चेन्नईची एमआरटीएस ही शहरी रेल्वे १९९५ पासून मेट्रोसारखी उंचावरून धावते, पण चालवते दक्षिण रेल्वे. उलट दिल्ली–मेरठची नमो भारत ही वेगवान गाडी: अंतर उपनगरी गाडीचं, ८२ किलोमीटर, रूळ मात्र स्वतंत्र, वेग १६० पर्यंत, आणि मेरठमध्ये त्याच रुळांवर शहराची मेट्रो. रुळांच्या रुंदीवरून मात्र काही ठरवू नका. कोलकात्याची मेट्रो १९८४ पासून ब्रॉडगेजवरच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट या शहरी रेल्वेचे रूळसुद्धा १६७६ मिलिमीटर, अगदी बेळगाव स्टेशनावरचेच माप.

आता मुंबईवालीचं. पासाच्या पैशात लोकलला तोड नाही, आणि रात्री मेट्रो बंद झाल्यावरही ती तासभर तरी चालते. डोंबिवलीला भाडं कमी, पण सकाळी तिथून फास्टमध्ये चढणं नवख्या पोरीला जमायचं नाही. मी ठाणे सांगितलंय. तिथूनच सुटणाऱ्या स्लो लोकल असतात. वीस मिनिटं जास्त लागतात, पण बसायला जागा मिळते.