1,850 युरोंची ‘एमडन’

आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लाजेपायी कमी करून सांगेन. नकली निघालेल्या जुन्या जर्मन पदकांच्या संचाचे 1,850 युरो, पारखणाऱ्याचे 45, वकिलाच्या पहिल्या सल्ल्याचे 226 युरो 10 सेंट. एकूण 2,121 युरो 10 सेंट. रुपयांत किती होतात ते बायकोने त्याच रात्री काढून दाखवलं, मी इथे लिहिणार नाही.

आणि मी काही कालचं पोर नाही, हेही लिहून ठेवतो. शाळेत असल्यापासून पुण्याच्या जुन्या बाजारात शिवराया उचलत आलोय. नकली शिवराई मला हातात घेतल्याबरोबर कळते. जर्मनीत येऊन अकरा वर्षं झाली, त्यातली सात वर्षं कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळातली पदकं आणि बिल्ले जमवतोय. 1918 च्या पुढच्या वस्तूला मी हात लावत नाही. एक तर तो नाझींचा काळ घरात नको, आणि दुसरं म्हणजे तिथे नकली मालाचा नुसता चिखल आहे. कैसरच्या काळातला माल त्यामानाने स्वच्छ, अशी माझी समजूत होती. 1914 च्या साध्या, दुसऱ्या वर्गाच्या आयर्न क्रॉस या शौर्यपदकाच्या लाखो प्रती वाटल्या गेल्या. माझ्याकडचा पहिला मी 60 युरोंना घेतला होता. एवढ्या स्वस्त वस्तूची नक्कल करून कोण काय कमावणार?

कमाई क्रॉसवर नसतेच. ती त्याला चिकटवलेल्या गोष्टीवर असते. हे मला 1,850 युरो भरल्यावर कळलं.

गोष्ट होती एमडनची. माझी पहिली नोकरी चेन्नईत होती, आणि हायकोर्टाच्या भिंतीवरची ती पाटी मी पहिल्याच महिन्यात पाहिली होती. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या आणि बंदरावरच्या तेलाच्या टाक्या पेटवून दिल्या. तमिळमध्ये आजही चलाख, कोणाला न जुमानणाऱ्या माणसाला ‘एमडन’ म्हणतात. तेव्हापासून हे जहाज डोक्यात बसलेलं. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये एका जाहिरातीत ‘एमडनवरच्या खलाशाचा वारसा’ असं दिसलं, तेव्हा माझं डोकं बंद आणि हृदय चालू, असं झालं.

माल असा: पहिल्या वर्गाचा क्रॉस, मागे नाव कोरलेलं. दुसऱ्या वर्गाचा क्रॉस, काळ्या-पांढऱ्या फितीसकट. जहाजाचं नाव विणलेली टोपीची पट्टी. आणि पदकाचं प्रमाणपत्र. मागणी 2,400. पणजोबांच्या वस्तू, घर रिकामं करतोय, पैशाचा प्रश्न नाही पण चांगल्या हातात जावं, वगैरे. पुढचं तुम्हाला पाठ असेल. दुसरं गिऱ्हाईक रांगेत होतंच. मी घासाघीस करून 1,850 वर आणलं आणि स्वतःची पाठ थोपटली. आता वाटतं, त्याने 900 लाही दिलं असतं.

त्याची खरी हुशारी पुढे होती. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, “दुसऱ्या वर्गाच्या क्रॉसला चुंबक चिकटणार नाही, आधीच सांगतो.” अस्सल क्रॉस तीन तुकड्यांचा असतो: मध्ये काळा केलेला ओतीव लोखंडाचा गाभा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारी, कडेला डाख देऊन जोडलेली चांदीची चौकट. गाभा लोखंडी म्हणजे चुंबक चिकटलंच पाहिजे. पण बिनलोखंडी गाभ्याचे काही अस्सल क्रॉसही सापडतात, आणि खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून ते नौदलासाठी केले असं संग्राहक मानतात. हे मला माहीत होतं! माझ्यासारख्या अर्ध्या जाणकाराला गाठायला याहून चांगला गळ नाही. त्याने दोष सांगितला, खुलासा मी केला. वर त्याला दोन परिच्छेद समजावूनही सांगितलं. तो म्हणाला, “अरे वा, हे मला ठाऊक नव्हतं.”

आता तो क्षण. रात्री पावणेबाराला त्याने प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. छापील नमुना, त्यात शाईने भरलेलं नाव, हुद्दा, आणि खाली: जहाजावर, 12 डिसेंबर 1914.

जहाजावर.

एमडन 9 नोव्हेंबर 1914 ला संपली. कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने तिची चाळण केली, आणि कॅप्टन कार्ल फॉन म्युलरने बुडण्यापेक्षा ती नॉर्थ कीलिंगच्या प्रवाळावर चढवली. जहाजावर वाचलेली बहुतेक माणसं कैद होऊन माल्टाला गेली. मला या तारखा घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ आहेत. 12 डिसेंबरला त्या जहाजावर खेकड्यांशिवाय कोणी नव्हतं. मी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. आणि स्वतःशी म्हणालो, “नमुना आधीच छापलेला असेल, तारीख नंतर टाकली असेल. जर्मन कागद उशिराच येतात.” अकरा वर्षं इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या रांगेत उभं राहिल्यावर हा विचार येणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने म्हणतो.

दुसरी खूणही त्याच कागदावर होती. अक्षर जुन्या वळणाचं, वाचता येत नव्हतं, म्हणून मला ते आणखीच अस्सल वाटलं. ते होतं झ्युटर्लीन वळण. ते प्रशियातल्या शाळांत शिकवायला सुरुवात झाली 1915 पासून, आणि तेही पोरांना. 1914 मधला नौदलाचा कारकून त्या वळणात कशाला लिहील? शिवाय त्यातला प्रत्येक ‘ए’ दुसऱ्या ‘ए’सारखा हुबेहूब होता. हाताने लिहिताना असं होत नाही, संगणकावरच्या फाँटमध्ये होतं. फोटो मोठा करून एकच अक्षर तीन ठिकाणांहून उचलून शेजारी ठेवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, मी केलं नाही.

500 युरो आगाऊ, लगेच पोचणाऱ्या हस्तांतरणाने. दोन दिवसांनी उरलेले 1,350. ऑक्टोबर 2025 पासून युरो देशांतल्या बँकांना खातेदाराचं नाव जुळतं का हे पैसे सोडण्याआधी दाखवावं लागतं. माझ्या ॲपने दाखवलं: जुळत नाही. विचारलं तर म्हणाला, बायकोचं खातं, तिचं माहेरचं नाव. मी ‘तरीही पाठवा’ दाबलं. ते बटण कधीही दाबू नका. बटण दाबलं की बँक सुटते आणि तुम्ही अडकता.

पार्सल आलं. चौकटीच्या कडेला जोडाची रेघच नव्हती, म्हणजे अख्खा क्रॉस एका साच्यातला. पहिल्या वर्गाच्या क्रॉसमागचं कोरीव नाव काळ्या पडलेल्या धातूला चिरून आत चकाकत होतं. शंभर वर्षांपूर्वी कोरलेलं अक्षर धातूबरोबरच काळं पडलं असतं. अतिनील दिवा मारला तर फीत निळी पेटली. तसे चमकणारे रंग दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कापडात नसतात. एका जुन्या दुकानदाराने भिंगाखाली मिनिटभर पाहिलं, 45 युरो घेतले आणि म्हणाला, “टोपीची पट्टी तेवढी छान विणली आहे.”

आता सरकारी कथा. आधी बँक: ‘आपण इशारा पाहून व्यवहार पुढे नेलात.’ विषय संपला. मग पोलिसांचा ऑनलाइन अर्ज. त्यात चोरलेल्या सायकलीसाठी फ्रेमच्या क्रमांकापर्यंत रकाने आहेत, नकली पुरातन वस्तूसाठी एकही नाही. मी ‘इतर’ निवडलं. तीन आठवड्यांनी चौकीत बोलावलं. तिथल्या बाईंनी पिशवीतून क्रॉस काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा क्रॉसकडे पाहिलं आणि विचारलं, “यावर हाकेनक्रॉइत्स आहे का?” म्हणजे नाझींचं स्वस्तिक. नाही हो बाई, हा कैसरचा आहे, हा बघा मुकुट, हे 1914. मग, “तुम्ही हे का जमवता?” मी फसवणुकीची तक्रार करायला आलो होतो, आणि अर्धा तास माझीच चौकशी चालली. इथे आल्यापासून दारातल्या रांगोळीतलं स्वस्तिकसुद्धा आम्ही काढत नाही, शेजाऱ्यांचा गैरसमज नको म्हणून. हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

वस्तू पुरावा म्हणून ठेवून घेतल्या. एप्रिलमध्ये सरकारी वकिलाच्या कार्यालयाचं पत्र आलं: तपास बंद. विक्रेता म्हणतो, मलाही वारशात अशाच मिळाल्या. फसवण्याचा हेतू सिद्ध होत नाही. खातेदार बाई म्हणतात, मी खातं फक्त वापरायला दिलं होतं. आपण दिवाणी मार्गाने जावं. म्हणजे वकील, 226 युरो 10 सेंट. त्याने सांगितलं ते मात्र कामाचं होतं: जाहिरातीत ‘खासगी विक्री, हमी नाही, परत घेणार नाही’ असं लिहिलं असलं तरी दोष मुद्दाम लपवला असेल तर ते वाक्य जर्मन कायद्यात टिकत नाही. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. जाहिरातीतल्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र ‘अज्ञात’ शिक्का मारून परत आलं. पैसे देण्याआधी पत्त्यावर साधं एक कार्ड टाका, पोचतं का बघा. एका टपाल तिकिटाचा खर्च.

आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्या दिवशीच घ्या. तक्रार करेपर्यंत ती गायब होते. माझी झाली.

मित्र म्हणतात, जर्मन माणसाने फसवलं? जणू इथे चोर नसतात. खरं सांगायचं तर मीही तेच समजून होतो. जुन्या बाजारात तोच माणूस समोर उभा असता तर मी त्याला 1,850 सोडा, 50 रुपये दिले नसते.

गेल्या आठवड्यात आणखी एक जाहिरात दिसली. विक्रेत्याचं नाव नवं, खलाशाचं नाव वेगळं, मागणी 2,200. प्रमाणपत्राचा फोटो मोठा केला. तेच ‘ए’. जहाजावर, 12 डिसेंबर 1914. स्क्रीनशॉट काढून माझ्या जुन्या तक्रारीचा क्रमांक टाकून पोलिसांना पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: सदर प्रकरण बंद झाले आहे, नवीन बाबीसाठी नवीन अर्ज भरावा.

पुन्हा ‘इतर’ निवडलं.