चीक संपल्यावर कालवडीला काय पाजावं: गाईचं दूध, पावडर की डेअरीला न चालणारं दूध?

मोहोळ, सांगोला, माळशिरसकडच्या दोन-चार संकरित गाईंच्या गोठ्यात गाय व्याल्यावर चौथ्या दिवशी हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक जण लिटरचा दर बघून ठरवतात. मी पोटातले जिवाणू धरून तुलना करतोय, कारण ही कालवड पुढं कडब्यावर जगणार आहे, आणि कडबा पचवायचं काम जिवाणूच करतात.

जन्मलेल्या वासराचं कोटीपोट, म्हणजे चारा आंबवणारं पहिलं मोठं पोट, बंदच असतं. प्यायलेलं दूध अन्ननलिकेच्या पन्हाळीतून थेट चौथ्या पोटात उतरतं. पहिले जिवाणू येतात ते गाईच्या अंगावरून, सडावरून, गोठ्याच्या जमिनीवरून. आधी ई. कोलाय, स्ट्रेप्टोकोकस असे येतात. ते आतड्यातला प्राणवायू संपवतात, मग लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम यांचं बस्तान बसतं. चिकातल्या खास शर्करा या बायफिडो जिवाणूंचं खाद्य आहे. म्हणून वासराच्या वजनाच्या दहा टक्के चीक, शक्यतो पहिल्या दोन तासांत, यात तडजोड नाही. खरवस उरलेल्या चिकाचा करावा.

आता पर्याय बघू. ३० किलोच्या वासराला रोज ३ लिटर धरलं तर ६० दिवसांत १८० लिटर गाईचं दूध जातं. आपल्या डेअरीच्या दरानं गुणा, आकडा बोचेल. पण दूध ताजं, धारेचं, अंगाच्या उबेचं असतं. पचायला त्याला तोड नाही आणि चुका व्हायला जागा कमी. दोन-चार गाई असतील तर माझं मत सरळ याच बाजूला.

वासरांसाठीची, पाण्यात कालवून पाजायची पावडर लिटरमागे १२५ ग्रॅम धरली तर तेवढ्याच दिवसांत साडेबावीस किलो लागते. पोत्यावरचा घटकांचा तक्ता वाचा. सोयाबीनची प्रथिनं जास्त असतील तर पहिले तीन आठवडे ती वासराला नीट पचत नाहीत; न पचलेलं पुढच्या आतड्यात जातं, तिथं नको ते जिवाणू माजतात आणि हगवण लागते. दुधापासून केलेली पावडर घ्या. खरी अडचण मिसळण्यात आहे. रोज तेच माप आणि तीच ऊब हवी, पाजताना साधारण ३९-४० अंश. सकाळी एकानं पातळ केली, संध्याकाळी दुसऱ्यानं अंदाजानं घट्ट, असं चालत असेल तर पावडरच्या वाटेला जाऊ नका. गाई जास्त आणि धार काढणारा माणूस कायमचा असेल, तर मात्र परवडते.

तिसरं दूध फुकट असतं, म्हणूनच धोक्याचं. गाईला दगडी (कासेची सूज) झाली, सडात औषधाची ट्यूब सोडली, आता काही दिवस हे दूध डेअरीला चालत नाही. ओतून द्यायला जीव होत नाही, बादली वासरापुढं जाते. त्या दुधात प्रतिजैविकाचा थोडा थोडा अंश असतो. तेवढ्यानं सगळे जिवाणू मरत नाहीत. नाजूक, उपयोगाचे मरतात आणि औषधाला दाद न देणारे टिकून वाढतात. वासराच्या शेणातून ते गोठाभर पसरतात. पुढं त्याच वासराला हगवण लागली की डॉक्टरांचं इंजेक्शन लागू पडायला अवघड जातं. उकळून द्यावं म्हणाल, तर उकळल्यानं जिवाणू मरतात, औषधाचा अंश बराचसा तसाच राहतो. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत हे दूध कालवडीला नको. माझ्या लेखी हा पर्यायच नाही.

पंढरपुरी म्हशीचं रेडकू थानाला लावायची पद्धत असेल तर हा पेच निम्मा सुटतो. फक्त त्याच्या वाट्याला खरंच किती येतं ते बघा.

दुधाइतकाच महत्त्वाचा निर्णय पेंडीचा. पहिल्या आठवड्यापासून मूठभर वासरांची पेंड आणि स्वच्छ पाणी पुढं ठेवा. दूध कोटीपोटात जात नाही, पाणी जातं, आणि त्याच ओलीत जिवाणू वाढतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पाणी तोडूच नये. पेंड आंबून ब्युटिरिक आम्ल तयार होतं, त्यानं कोटीपोटाच्या आतले अंकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे बारीक कोंब, वाढतात. नुसत्या कडब्यानं पोट सुटतं, अंकुर तेवढे वाढत नाहीत. मऊ, बारीक पाल्याचा कडबा नंतर थोडा थोडा द्या.

दूध कधी तोडायचं ते वयावर नको. सलग तीन दिवस कालवड रोज किलोभर पेंड खाऊ लागली, की आठवडा-दहा दिवसांत दूध कमी करत आणा.