फार्मिंग सिम्युलेटर २२, स्टारड्यू, एम्पायर आणि बाकीचे: बरेच महिने खेळून झाल्यावरचं मत

मागच्या हंगामाचे बेदाण्याचे पैसे आले तेव्हा पीसी घेतला, सहा कोअरचा रायझन, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, आणि तेव्हापासनं जे खेळलोय त्याबद्दल एकदा सविस्तर लिहायचं मनात होतं. रिव्ह्यू भरपूर पडलेत, पण बहुतेक जण गेम आला की चार दिवसात व्हिडिओ टाकतात आणि ग्राफिक्स आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) सोडून पुढं जात नाहीत. मी गेम जोखतो तो एकाच गोष्टीवरनं. जे काम मला किंवा घरच्यांना हातानं येतंय ते त्यात कसं आलंय, काय ठेवलंय, काय गाळलंय. तेवढं बघितलं की बनवणाऱ्यानं किती जीव ओतलाय ते कळतं, आणि ज्यातलं आपल्याला काही माहिती नाही त्याबद्दल त्याच्यावर किती विश्वास टाकायचा ते पण ठरवता येतं.

सगळ्यात जास्त तास गेले ते फार्मिंग सिम्युलेटर २२ वर. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा गेम, नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला, आणि या सिरीजमध्ये द्राक्षं पहिल्यांदा यातच आली. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची बाग आहे, त्यामुळं बाकीचं सगळं सोडून मी पहिल्यांदा द्राक्षंच लावली. बाग ओळीनं टाकायची, आपल्यासारखा मंडप किंवा इंग्रजी वाय आकाराची मांडणी नाही, तारेवर वेलाची उभी भिंत असते तशी ओळ, तिकडं वाईनच्या द्राक्षाला तशीच पद्धत आहे त्यामुळं त्यात काही चूक नाही. दोन ओळीतनं जाणारा अरुंद ट्रॅक्टर लागतो, मधली जमीन मोकळी करायची, खत टाकायचं, माल काढल्यावर छाटणी करायची. आणि माल काढायला एक उंच मशीन असतं ते ओळीच्या डोक्यावरनं चालतं, वेल दोन्ही बाजूनं मधी धरून हलवतं आणि मणी गोळा करतं.

हे मशीन चालू असताना अण्णा माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आरं, मणी फुटत न्हाईत व्हय?" मी म्हटलं अण्णा, ही रसाची द्राक्षं, फुटली तरी चालतात. मग खुर्ची ओढून बसले आणि पुढचा प्रश्न, "आणि ह्यात डावणी येत न्हाय?" येत नाही. डावणी नाही, भुरी नाही, घडकूज नाही, द्राक्षाचा कुठलाच रोग नाही. पाऊस पडतो पण द्राक्षाला त्याचं काही नसतं. आपल्याकडं ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना चार दिवस ढग राहिले तर माणसं रात्री फवारणीला उठतात, सकाळी पानाखाली पांढरं दिसतंय का ते बघत ओळीतनं फिरतात, तो सगळा भाग गेममध्ये नाहीच. खरड छाटणी आणि फळ छाटणी अशा दोन छाटण्या पण नाहीत, एकच. बेदाण्याचं पण तसंच, द्राक्षं कारखान्यात ओतली की पलीकडनं बेदाण्याचे पॅलेट बाहेर. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवणं, शेडात जाळीवर पसरणं, वारं कुठल्या बाजूचं आहे ते बघून पडदे सोडणं, पंधरा दिवस जीव मुठीत धरून बसणं, यातलं काही नाही. अण्णांचं म्हणणं असं की जोखीम काढल्यावर द्राक्षात राहिलं काय, आणि मला ते शंभर टक्के पटतं. अवघड लेव्हलला तरी रोग द्यायला पाहिजे होता. ज्याला नको त्यानं बंद करावा, सिझन बंद करायची सोय आहेच की.

पण एक गोष्ट त्यांनी बरोबर पकडली आहे ती म्हणजे भाव. प्रत्येक मालाचा भाव महिन्याप्रमाणं खालीवर होतो, त्यामुळं माल निघाल्या निघाल्या विकला तर मार बसतो, साठवून ठेवला तर चार पैसे जास्त मिळतात. आपल्याकडं बेदाणा कोल्ड स्टोरेजला टाकून सौद्याची वाट बघतात तसंच. फरक एवढाच की गेममध्ये कुठल्या महिन्यात भाव चढणार त्याचा आलेख आधीच दाखवतात, आणि तसा आलेख सांगलीच्या मार्केट यार्डात कुणाकडं असता तर सगळा जिल्हा बंगल्यात राहिला असता.

ऊस पण आहे. एकदा लावला की तोडल्यावर परत फुटतो, म्हणजे खोडवा धरलाय, हे बघून मला खरंच बरं वाटलं. पण तोड कधी येणार ही काळजी नाही, टोळी नाही, मुकादम नाही, मशीन घ्यायचं आणि आपणच तोडायचं आणि साखर कारखान्यात नेऊन ओतायचं, तो कारखाना पण विकत घेता येतो.

मग एवढं गाळलेलं असताना एवढे तास का खेळलो? तर ट्रॅक्टरसाठी. ट्रॉली रिव्हर्स घेणं या गेमइतकं खरं कुठंच बघितलं नाही. एका ॲक्सलची ट्रॉली असली तर स्टेअरिंग उलटं फिरवायचं आणि थोडं थोडं सोडत जायचं, जमतं. पण पुढचा दांडा फिरणारी चार चाकी ट्रॉली असली की दोन ठिकाणी मोडते, एक जोड सरळ करायला जावं तर दुसरा वाकडा होतो, आणि शेवटी परत पुढं घेऊन सरळ करावं लागतं. कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकतात तिथं, उसाच्या गाड्या लावताना जे ड्रायव्हर बघितलेत त्यांचा हात काय असतो ते मला हा गेम खेळल्यावर नीट कळलं. शिवाय मॉड, म्हणजे गेममध्ये घालायच्या जादा गोष्टी, फुकट आहेत, गेमच्या आतनंच डाऊनलोड होतात. १६५० वर १०८० पीला मीडियम-हाय सेटिंगवर काही अडचण नाही.

स्टारड्यू व्हॅली याच्या अगदी उलट. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चारेक वर्षं बसून केलेला गेम, फेब्रुवारी २०१६ चा, चित्र म्हणजे जुन्या व्हिडिओगेमसारखं ठिपक्याठिपक्याचं, ट्रॅक्टर नाही काही नाही, हातात पाण्याची झारी आणि कुदळ. पहिले दोन दिवस मला वाटलं हे लहान पोरांचं आहे. पण यात शेतीचा जीव जास्त आहे असं माझं ठाम मत झालंय. एक सिझन २८ दिवसांचा, आणि २८ तारखेला जे पीक तयार नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाळून गेलेलं असतं, कुणी विचारत नाही तुम्ही किती पाणी घातलं होतं. म्हणजे लावताना हिशोब करावा लागतो की एवढ्या दिवसांत येणार का. बुजगावणं नसलं तर कावळे खातात. बियाण्याचं दुकान बुधवारी बंद. या बारीक बारीक गोष्टीनं शेतकऱ्याच्या डोक्यात जे सारखं चालू असतं ते बरोबर येतं, आणि ते कोट्यवधीची मशीन दाखवून येत नाही. बहिणीची पोरगी नववीत आहे ती आता माझ्यापेक्षा पुढं गेली, तिनं स्प्रिंकलर लावून पाणी घालायचं कामच संपवलं. भारी गेम, साध्या लॅपटॉपवर चालतो.

आता एम्पायर टोटल वॉर. २००९ चा राज्य चालवायचा आणि लढाया करायचा गेम, पण मराठे घेऊन खेळता येतात म्हणून घेतला, मोहीम १७०० सालापासनं सुरू होते आणि मराठ्यांची राजधानी सातारा. नकाशावर सातारा नाव बघितलं आणि अंगावर काटा आला हे खरं सांगतो. फक्त इतिहास माहिती असला की पहिल्याच मिनिटाला खटकतं. १७०० च्या सुरुवातीला खरा सातारा वेढ्यात होता, औरंगजेब स्वतः डिसेंबर १६९९ पासनं अजिंक्यताऱ्याखाली तळ देऊन बसलेला, वर प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते, मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये सुरुंगाच्या स्फोटात मुघलांचीच माणसं ढिगाऱ्याखाली गेली आणि त्याच महिन्यात किल्ला द्यावा लागला. गेममध्ये मुघलांशी युद्ध चालू आहे पण सातारा निवांत. आणि लढाई चालू झाली की सगळे युरोपसारखे रांगेत उभं राहून बंदुका झाडतात, किल्ले सपाटीवर, डोंगर आणि खिंड यांचा काही उपयोग नाही. मात्र नकाशावर एक गोष्ट करता येते ती लय आवडली. प्रत्येक प्रांतात राजधानीच्या बाहेर गावं, शेती, बंदरं वेगळी असतात, त्यात घोडदळ घुसवून त्यांची कमाई बंद पाडायची आणि मोठी फौज यायच्या आत निघून यायचं. मी मुघलांशी मैदानात न भिडता बरीच वर्षं असंच खेळलो आणि त्यांचा खजिना आटला. म्हणजे गनिमी कावा नकाशावर आहे, रणांगणावर नाही. बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवला का आपोआप आला कुणास ठाऊक, पण मराठे खेळायचे तर असेच खेळा.

युरो ट्रक सिम्युलेटर २ बद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळ्यांनीच लिहिलंय. २०१२ पासनं प्रागचे एससीएस कंपनीवाले त्याला अजून नवीन रस्ते देतायत ही साधी गोष्ट नाही. आमचे दाजी ट्रकवर असतात, सांगली-मुंबई, त्यांना बसवलं तर त्यांनी पहिल्यांदा उतार शोधला आणि पाय ब्रेकवर न ठेवता इंजिन ब्रेकवर गाडी कशी धरते ते बघितलं. सेटिंगमध्ये एअर ब्रेक खऱ्यासारखा करायची सोय आहे, तो चालू केल्यावर सारखं ब्रेक दाबलं की प्रेशर उतरतं, दाजी म्हणाले हे बरोबर आहे, खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे एस वळण आहे तिथं गाड्या ताब्यातनं जातात त्या यामुळंच. पण समोरनं उलट्या बाजूनं मोटारसायकल येत नाही, म्हणून त्यांना तासाभरात झोप आली.

क्रिकेट ०७ आमच्याकडं अजून पेनड्राईव्हवरनं फिरतो. ईएनं २००६ ला काढला, त्यानंतर त्यांनी पीसीवर क्रिकेट आणलंच नाही, आणि तरी लोक स्वतःच्या हौसेनं नवीन खेळाडू, नवीन कपडे टाकून चालवतात. टायमिंग बसल्यावर जो आवाज येतो त्यात सगळं आलं. बायकांचं क्रिकेट त्यात नाही, आणि स्मृती मानधनाच्या गावातल्या पोरींना आज ते खटकतं, बरोबरच आहे.

राजी मात्र सगळ्यांनी एकदा खेळावा. पुण्यातल्या नोडिंग हेड्सनं २०२० ला काढलेला, राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलतात, गोष्ट बाहुल्यांच्या सावल्यांनी दाखवलीय. मारामारी थोडी जड वाटते आणि गोष्ट मधेच संपल्यासारखी संपते, दोन-तीन संध्याकाळीत होतो. पण दगडी जिना, कमानी, पाण्याचं कुंड हे ज्यानं काढलंय त्यानं ते जवळनं बघितलंय हे प्रत्येक खोलीत दिसतं.

ऑनलाइनचे गेम मी सोडले. व्हॅलोरंट, पाच-पाच जणांच्या टीमचा गोळीबाराचा गेम, चांगला आहे, मुंबईचा सर्व्हर असल्यामुळं पिंग (सर्व्हरकडनं उत्तर यायला लागणारा वेळ) पण बरी मिळते, पण मॅच मधे थांबवता येत नाही आणि लाईट गेली की उरलेल्या चार जणांचं नुकसान आणि आपल्याला शिक्षा. वाड्यावस्तीवर राहणाऱ्यानं आधी इन्व्हर्टर घ्यावा, मग व्हॅलोरंट.

घ्यायचं असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात जूनअखेर आणि डिसेंबरच्या सेलला घ्या, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर चौदा दिवसांच्या आत पैसे परत मिळतात हे लक्षात ठेवा. पहिला स्टारड्यू, मग फार्मिंग सिम्युलेटर २२. आता फार्मिंग सिम्युलेटर २५ मध्ये भात आलाय, म्हशी आल्यात आणि गारपीट पण आली आहे, म्हणजे अण्णांच्या प्रश्नाच्या दिशेनं एक पाऊल तरी टाकलंय. कुणी १६५० वर चालवून बघितला असेल तर सेटिंग काय ठेवली ते सांगा, आणि गारांनी द्राक्षाचं काही होतं का तेवढं नक्की बघून सांगा.