कुडाळात आलेला ‘गेमिंग पीसी’ आणि त्यातलं बनावट कार्ड

जाहिरात अशी होती: डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० एसएफएफ, आय-७ चौथी पिढी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, किंमत २४,५००. घेणारा कुडाळचा बारावीतला मुलगा, पैसे वडिलांचे, काजूच्या हंगामातले. पाच हजार आधी यूपीआयने गेले, उरलेले पहाटे महामार्गावरच्या थांब्यावर खासगी बसच्या क्लीनरच्या हातात रोख. मशीन चादरीत गुंडाळून आलं, चालू झालं, दहा दिवस व्यवस्थित चाललं. अकराव्या दिवशी मुलाने ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला आणि पडद्यावरचे आयकॉन ताटलीएवढे झाले. ‘मेल्या, ह्या काय घेवन इलंस?’ हे वडिलांचं वाक्य. विकणाऱ्याचं उत्तर त्याहून छोटं होतं: ‘भावा, तू ड्रायव्हर उडवलास, माझी जबाबदारी नाही.’

मशीन उघडल्यावर दिसलं ते असं. रॅम खरी, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या. एसएसडी खरी, तब्येत ९४ टक्के. प्रोसेसर आय-७ नव्हता. ग्राफिक्स कार्ड १०५० टीआय नव्हतं. खोटं नेमकं तिथेच होतं जिथे पैसा होता. बाकीचं मुद्दाम खरं ठेवलेलं, कारण गिऱ्हाईक आधी रॅम आणि डिस्कच तपासतं आणि तेवढं जुळलं की निवांत होतं.

आधी डब्याबद्दल, कारण त्याची काही चूक नाही. लोक ज्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात, त्यातलं हे छोटं, आडवं ठेवता येणारं मॉडेल. कंपन्या आणि बँका अशी मशीन शेकड्यांनी घेतात आणि काही वर्षांनी लॉटमध्ये काढतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा तसल्याच बाजारातून ती खाली कोकणात येतात. ९०२० हे २०१३ चं मॉडेल, मजबूत, चार रॅम स्लॉट, एकूण ३२ जीबीपर्यंत. त्यात बुटकं, म्हणजे लो-प्रोफाइल, ग्राफिक्स कार्ड टाकलं की बऱ्यापैकी गेम चालतात. कल्पना चांगली आहे, म्हणूनच तिच्यावर धंदा चालतो.

प्रोसेसरची हातचलाखी सोपी होती. विंडोजच्या ‘सिस्टिम’ पानावर प्रोसेसरचं जे नाव दिसतं, ते रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली, एक ओळ असते आणि ती बदलता येते. मशीन चालू होताना विंडोज ती पुन्हा खरी लिहितं, म्हणून विकणाऱ्याने टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, एक छोटी स्क्रिप्ट लावलेली: लॉगिन झालं की नाव बदल, ‘आय-७ ४७९०’. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मागितलेलं ते पान बिनदिक्कत दाखवता आलं. बदलता आला नाही तो आकडा टास्क मॅनेजरमध्ये होता. ‘परफॉर्मन्स’, मग ‘सीपीयू’, आणि खाली ‘लॉजिकल प्रोसेसर्स’. आय-७ ४७९० ला तिथे ८ दिसायला हवेत, इथे ४ होते. ४ म्हणजे आय-५ किंवा आय-३, आय-७ नव्हेच. मशीन चालू होताना एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, गेल्यावर खरं नाव समोर आलं: आय-५ ४५९०. तोही गेमिंगला वाईट नाही, पण आय-७ चे पैसे घेऊन आय-५ देणं ही फसवणूकच. डेलच्या डब्यावर सर्व्हिस टॅगचा स्टिकर असतो. तो नंबर डेलच्या सपोर्ट पानावर टाकला की कारखान्यातून मशीन कोणत्या भागांसह निघालं ते कळतं. प्रोसेसर नंतर बदललेला असू शकतो, तेवढं धरून चालावं.

आता कार्ड. खरी गोम इथे आहे.

सगळ्यात आधी नजरेत भरलं ते मागचं निळं, पंधरा भोकांचं पोर्ट. व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचा अ‍ॅनालॉग सिग्नल देणारं. १०५० टीआय ऑक्टोबर २०१६ चं, एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या पास्कल पिढीतलं, आणि त्या पिढीपासून एनव्हिडियाच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही. त्या कार्डावर एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, डीव्हीआय-डी असतात. व्हीजीए दिसलं की पुढचं बोलणं थांबवावं. हे ओळखायला स्क्रू काढावा लागत नाही, मशीन चालू करावं लागत नाही, मागच्या बाजूचा एक फोटो पुरतो. या व्यवहारात विकणाऱ्याने सात फोटो पाठवले होते: तीन आरजीबी दिव्यांचे, तीन पुढून, एक बाजूने. मागून एकही नाही.

आतून ते कार्ड जीएफ१०८ चिपचं निघालं. ही फर्मी पिढीतली चिप, २०१० च्या सुमाराची, ४० नॅनोमीटरची, तिच्यात ९६ कोर, म्हणजे गणित करणारी युनिटं. खऱ्या १०५० टीआयमध्ये १४ नॅनोमीटरची जीपी१०७ चिप आणि ७६८ कोर असतात. अशा जुन्या कार्डाचं स्वतःचं बायोस बदलून त्यात नवं नाव आणि मेमरीचा खोटा आकडा भरतात, वर नवा पंखा, नवा स्टिकर. विंडोज तेच नाव वाचतं. मेमरी दाखवत होती ४ जीबी, होती १ जीबी. म्हणून हलके गेम चालायचे आणि जड गेम एक जीबीच्या पुढे मागायला लागला की काळा पडदा. आणि नवा ड्रायव्हर टाकल्यावर सगळं कोसळलं, कारण फर्मीसाठी एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८ चा. विकणाऱ्याने तोच जुना, फाइल बदललेला ड्रायव्हर टाकून विंडोज अपडेट थांबवून ठेवलं होतं. ‘अपडेट करू नकोस, गेम स्लो होतात’ हा त्याचा सल्ला आता नीट समजतो. अपडेट करू नका म्हणून बजावणारा विक्रेता दिसला की ते कार्ड दोनदा पाहावं.

हे पकडायला जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. २०१८ पासूनच्या आवृत्त्या अशी बनावट कार्डं ओळखून नावाच्या आधीच ‘फेक’ असा शिक्का मारतात. पण या मशीनच्या डेस्कटॉपवर जीपीयू-झेड आधीच ठेवलेलं होतं. आवृत्ती २०१७ ची, जिला हे ओळखता येत नाही. मुलगा बिचारा तपासायला गेला तो त्याच आयकॉनवर. नवीन आवृत्ती स्वतः उतरवून चालवली की दोन सेकंदांत शिक्का आला. त्या खिडकीत तीन गोष्टी पाहायच्या: ‘शेडर्स’ (म्हणजे कोर), ‘टेक्नॉलॉजी’ (म्हणजे नॅनोमीटर) आणि ‘बस इंटरफेस’ (म्हणजे कार्ड आणि बोर्डामधला जोड). ‘बस विड्थ’वर, म्हणजे मेमरीच्या वाटेच्या रुंदीवर, विसंबू नये, कारण जीएफ१०८ ची बरीच कार्डंही १२८ बिटचीच असतात आणि १०५० टीआयही. एवढा एक आकडा जुळला म्हणून फसणारे आहेत.

व्हिडिओ कॉलवर दाखवलेला गेम कोणता? ‘जीटीए चालतो’ असं सांगितलं होतं आणि चाललाही. सॅन अँड्रियास. तो २००५ मध्ये पीसीवर आला, आजच्या कुठल्याही डब्यावर कार्डाशिवायसुद्धा चालतो. बघायचं तर जीटीए ५ बघावं, १०८०पी वर, सेटिंग्जचं पान उघडून, कोपऱ्यात फ्रेमचा आकडा लावून, निदान अर्धा तास आणि झाकण बंद करून. झाकणाचं महत्त्व असं की या डब्यात हवा जायला जागा कमी. उघड्यावर ७० अंशांवर राहणारं कार्ड झाकण लावल्यावर किती चढतं ते मे महिन्यातल्या कोकणातल्या खोलीत कळतं. प्रोसेसरवरची पेस्ट सुकलेली असेल तर तोही तापून वेग उतरवतो.

बनावट नसलेलं, पण तरीही फसवणारं कार्ड हा वेगळा प्रकार. ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ एवढंच लिहिलं असेल तर बहुधा ते जीटी ७३० असतं. त्या नावाखाली ९६ कोरची फर्मी आणि ३८४ कोरची केप्लर अशा दोन वेगळ्या चिपा विकल्या गेल्या आणि दोन्हींत ४ जीबी मेमरी म्हणजे टपरीला दुमजली गोदाम. जीटी १०३० चंही तसंच. जीडीडीआर-५ आणि डीडीआर-४ अशा दोन मेमऱ्यांत ते येतं, खोक्यावरचं नाव तेच, पण डीडीआर-४ वाल्याची मेमरी साधारण एक तृतीयांश वेगाची. तिसरी खोच स्लॉटची. काही छोट्या डब्यांत मुख्य एक्स-१६, म्हणजे डेटाच्या सोळा वाटांचा (लेनचा), स्लॉट पॉवर सप्लायला चिकटून असतो, दोन स्लॉट जाडीचं कार्ड तिथे बसत नाही. मग ते शेजारच्या स्लॉटमध्ये ठोकतात, जो दिसायला लांब पण वायरिंग एक्स-४ चं. जीपीयू-झेडच्या ‘बस इंटरफेस’मध्ये शेवटी ‘अ‍ॅट एक्स-४’ आलं की समजायचं. त्या रकान्यापुढच्या प्रश्नचिन्हावर दाबून चाचणी चालू ठेवून वाचावं, कारण रिकामं बसलेलं कार्ड वेग कमीच दाखवतं. आणि आरएक्स ६४०० सारख्या कार्डाला मुळातच चार लेन असतात, तिथे एक्स-४ दिसणं हा दोष नाही.

पॉवर सप्लायवरून घाबरवणारेही आहेत. ‘यात ४५० वॉटचा टाकून दिलाय, दोन हजार जास्त.’ या डब्यात साधा एटीएक्स पॉवर सप्लाय बसतच नाही आणि ९०२० च्या बोर्डाला २४ नव्हे, ८ पिनांचा डेलचा स्वतःचा जोड लागतो. मूळचा २५५ वॉटचा असतो. हिशेब करा: आय-५ ४५९० चे ८४ वॉट, स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५, बाकी सगळ्याला तीसेक. दोनशेच्या आत. म्हणून १०५० टीआय, १६५० किंवा ३०५० ६ जीबी यांची फक्त स्लॉटवर चालणारी बुटकी मॉडेलंच इथे योग्य. सहा पिनांचा वेगळा जोड मागणारं कार्ड साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीवरून अडॅप्टर लावून दिलेलं असेल तर ते काढूनच टाका. साटाचा जोड १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंतचा, सहा पिनांचा ७५ चा. प्लास्टिक वितळल्याचा वास येतो तो इथूनच. इन्व्हर्टरवर जाताना मशीन बंद पडत असेल तर मात्र विक्रेत्याला शिव्या देण्याआधी इन्व्हर्टर बघा. स्क्वेअर वेव्ह असेल तर या पॉवर सप्लायला तो सोसत नाही.

कोकणात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, पुराचं पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा दुकानं-ऑफिसांतली किती मशीन पाण्याखाली गेली ते तिथल्या कोणालाही विचारा. असा माल वाळवून, पुसून फिरतो आणि फक्त चिपळूणचाच फिरतो असं नाही. बोर्ड धुता येतो, पॉवर सप्लायच्या आतला गाळ धुता येत नाही. जाळीतून टॉर्च मारून पंख्याच्या मागे मातीची रेघ दिसते का पाहा, स्क्रूच्या खालच्या बाजूला गंज, यूएसबीच्या आत हिरवट-पांढरी पूड. खाऱ्या हवेनेही थोडी पूड धरते, पण ती उघड्या पोर्टांवर. आतल्या रॅमच्या स्लॉटमध्ये सापडली तर पाणी शिरलेलं आहे.

विंडोजबद्दल थोडक्यात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते. चौथ्या पिढीवर ११ टाकून दिलंय म्हणजे अडथळे चुकवून टाकलंय. चालतं, पण व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट मागतो, ९०२० मध्ये टीपीएम १.२. मुलगा व्हॅलोरंटसाठी घेत असेल तर हे आधी विचारायचं.

पैसे. कुडाळच्या व्यवहारात रोख रकमेचा पुरावाच नाही, हाती आहे फक्त पाच हजारांचं यूपीआय. वर ‘रिफंड पाठवतो, हा क्यूआर स्कॅन कर’ असा मेसेज आला होता. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. सुदैवाने मुलगा तिथे थांबला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, तासांतला फरक मोलाचा, गेलेले पैसे खात्यात अडवायची शक्यता तेव्हाच असते. विक्रेता व्यापारी असेल तर ग्राहक आयोगात तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, २०१९ च्या कायद्याने ती सोय दिली. व्यवहारापासून दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंत फी नाही. घरातला जुना पीसी विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध हा मार्ग चालत नाही. त्यामुळे जाहिरातीचा स्क्रीनशॉट, जीएसटी बिल आणि पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ हवा. जाहिरात दुसऱ्या दिवशी उडवलेली असते.

त्या डब्यात पुढे लो-प्रोफाइल १६५० बसवलं, वापरलेलं, बिलासकट, आणि आय-५ तसाच ठेवला. बनावट कार्ड फेकायची गरज नाही. त्याच बोर्डाचं मूळ बायोस मिळालं तर एनव्हीफ्लॅश या सॉफ्टवेअरने परत भरता येतं आणि बिल मारायच्या मशीनला पडदा दाखवायला ते पुरतं. फक्त खोटा स्टिकर खरवडून काढा आणि पंख्यावर परमनंट मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा: ‘जीएफ१०८, १ जीबी’.